नरहर कुरुंदकर

नरहर अंबादास कुरुंदकर (जन्म : १५ जुलै १९३२, मृत्यू : औरंगाबाद, १० फेब्रुवारी १९८२) हे मराठीतील समीक्षक, विचारवंत, वक्ते व शिक्षक होते. साहित्यसमीक्षा, सौंदर्यशास्त्र, इतिहास, राजकारण, धर्मचिकित्सा आणि नाट्यशास्त्र या विषयांवर त्यांनी विपुल लेखन केले. महाभारतातील व्यक्तिरेखांची चिकित्सा आणि रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीची दीर्घ प्रस्तावना यांमुळे ते अभ्यासकांप्रमाणेच सामान्य वाचकांनाही परिचित झाले. समाजाने पूजनीय मानलेल्या नायकाचे मूल्यमापन भक्ती आणि तुच्छता ही दोन्ही टोके टाळून कसे करावे, हा त्यांच्या या लेखनातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

जन्म व शिक्षण

कुरुंदकरांचा जन्म तत्कालीन परभणी जिल्ह्यातील नांदापूर या गावी झाला. त्यांचे मूळ गाव कुरुंदा हे वसमत तालुक्यातील. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा ही दोन्ही गावे नव्या जिल्ह्यात गेली. त्यांच्या बालपणी हा सर्व प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि मराठीतून शिकणे व लिहिणे हीच एक सांस्कृतिक चळवळ होती. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, त्या वेळी कुरुंदकर सोळा वर्षांचे होते. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला व पुढे त्यांनी या विषयावर स्वतंत्र लेखन केले.

वसमत येथील शालेय शिक्षणानंतर ते हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकण्यासाठी गेले. तेथे त्यांचे मामा डॉ. नारायण गोविंद नांदापूरकर यांचा सहवास त्यांना लाभला. नांदापूरकर हे उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. सतराव्या शतकातील मुक्तेश्वर आणि अठराव्या शतकातील मोरोपंत या दोन कवींनी मराठीत आणलेल्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास त्यांनी ‘मुक्तमयूरांची भारते’ या ग्रंथात केला आहे. एकच कथा दोन काळांतील दोन कवी वेगवेगळ्या रंगांत रंगवतात, हे या अभ्यासाचे मूळ सूत्र होय. भाच्याच्या पुढील महाभारतविषयक लेखनाची पूर्वपीठिका या ग्रंथात पाहता येते.

कुरुंदकरांचे महाविद्यालयीन शिक्षण सरळ मार्गाने झाले नाही. अभ्यासक्रमाबाहेरचे वाचन अफाट आणि परीक्षेत मात्र अपयश, अशी त्यांची त्या काळातील स्थिती होती. पदवी हाती नसताना त्यांनी नांदेडच्या प्रतिभा निकेतन या शाळेत शिक्षकाची नोकरी धरली आणि ती करीत असतानाच पुढील परीक्षा दिल्या. एम. ए. झाल्यानंतर ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक व पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांचे बहुतेक सर्व कार्य नांदेडमध्येच झाले. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून दूर राहूनही त्यांनी महाराष्ट्रभर वाचक आणि श्रोते मिळविले.

वैचारिक बैठक

कुरुंदकर राष्ट्र सेवा दल व समाजवादी चळवळीशी संबंधित होते. मार्क्सवादाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. ते स्वतः नास्तिक होते. तथापि धर्मग्रंथांचा अभ्यास श्रद्धावंतांवर सोपवून मोकळे व्हावे, असे त्यांना वाटत नसे. ज्या ग्रंथांनी समाजमन घडविले ते मुळातून वाचलेच पाहिजेत, ही त्यांची भूमिका होती. मनुस्मृतीवरील त्यांची व्याख्याने, भरताच्या नाट्यशास्त्राचा व्यासंग आणि महाभारतावरील लेखन ही या एकाच भूमिकेची फळे आहेत.

एखाद्या प्रश्नाची रूढ मांडणी प्रथम प्रतिपक्षालाही मान्य होईल अशा नेमकेपणाने समोर ठेवायची, तिच्यातील गृहीते एकेक करून तपासायची आणि मग स्वतःचा निष्कर्ष सांगायचा, ही त्यांच्या प्रतिपादनाची पद्धत होती. वर्गात शिकविण्याच्या सवयीतून आलेली ही शैली त्यांच्या लेखनात व व्याख्यानांत सारखीच आढळते.

महाभारताचा अभ्यास

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. भारतभरातील हस्तलिखिते ताडून पाहून मूळ संहितेचा शोध घेणाऱ्या या प्रकल्पामुळे कोणता श्लोक जुना व कोणता मागाहून आलेला, याची चर्चा करणे शक्य झाले. याच सुमारास मराठीत महाभारतविषयक लेखनाला बहर आला. दुर्गा भागवत यांचे ‘व्यासपर्व’ १९६२ मध्ये, तर इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. रणजित देसाई यांची ‘राधेय’ १९७३ मध्ये आली. कुरुंदकरांचे महाभारतविषयक लेखन याच वातावरणातील आहे. त्यातील लेख त्यांच्या निधनानंतर ‘व्यासांचे शिल्प’ या पुस्तकात संकलित झाले.

महाभारत हे एका वेळी एका हाताने लिहिलेले काव्य नसून शतकानुशतके वाढत गेलेली रचना आहे, ही गोष्ट त्यांच्या विवेचनात पायाभूत आहे. व्यक्तिरेखेकडे पाहताना ग्रंथातील व्यक्ती, परंपरेने घडविलेली व्यक्ती आणि आजच्या लेखकाने निर्माण केलेली व्यक्ती या तीन पातळ्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्या एकमेकींत मिसळल्या की वाचक आपल्याच मनातील प्रतिमेला प्राचीन पुरावा समजू लागतो.

कर्णाची व्यक्तिरेखा

मराठी वाचकाच्या मनात कर्ण हा जन्मामुळे डावलला गेलेला, दानशूर आणि मित्रनिष्ठ असा शोकनायक आहे. मूळ संहितेत या प्रतिमेला आधार नाही असे नाही. कवचकुंडलांचे दान, श्रीकृष्णाने जन्मरहस्य सांगून देऊ केलेले राज्य नाकारणे आणि कुंतीला दिलेले अभय हे प्रसंग महाभारतातीलच आहेत.

परंतु त्याच संहितेत दुसरी बाजूही आहे. द्यूतसभेत विकर्णाने द्रौपदीची बाजू घेतली, तेव्हा त्याला गप्प करून तिची वस्त्रे काढून घेण्यास सांगणारा कर्णच आहे. घोषयात्रेत गंधर्वांशी झालेल्या युद्धात तो रणातून निघून गेला व दुर्योधनाला पांडवांनी सोडविले. विराटाच्या गोधन-हरणप्रसंगी एकट्या अर्जुनासमोर त्याला माघार घ्यावी लागली. अभिमन्यूचे धनुष्य तोडणाराही तोच होता. द्रौपदीने स्वयंवरात सूतपुत्राला नाकारल्याचा प्रसंग तर चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. तो काही हस्तलिखितांतील पाठ म्हणून तळटीपेत गेला आहे.

सूत या वर्गाच्या स्थानाचा प्रश्न यांहून महत्त्वाचा आहे. कर्णाचा पालक पिता अधिरथ हा धृतराष्ट्राचा मित्र म्हणून महाभारतात येतो. संजय हा सूत राजाच्या अगदी निकट वावरतो व त्याचा दूत म्हणून पांडवांकडे जातो. सूतपुत्र कीचक विराटाचा सेनापती असून त्याची बहीण सुदेष्णा विराटाची पट्टराणी आहे. सूत ही क्षत्रियांहून खालची पायरी होती व त्यावरून कर्णाला हिणविले जाई, हे खरे; पण आजच्या अर्थाने त्याला दलित वा बहिष्कृत ठरविणे संहितेच्या आधारे कठीण आहे.

कर्णाच्या लोकप्रिय प्रतिमेची अशी संहितेशी ताडून केलेली तपासणी हा कुरुंदकरांच्या लेखनाचा विशेष होय. कर्णाला खलनायक ठरविणे हा या तपासणीचा हेतू नाही. सामर्थ्य आणि न्यूनगंड, औदार्य आणि क्रौर्य एकाच माणसात नांदतात व व्यासांनी ते लपविले नाहीत, यातच या व्यक्तिरेखेची थोरवी आहे. दोष पुसून टाकलेला कर्ण अधिक प्रिय होतो, पण लहान होतो.

‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना

रणजित देसाई यांची शिवचरित्रावरील ‘श्रीमान योगी’ ही कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची प्रस्तावना म्हणजे कुरुंदकरांनी देसाई यांना लिहिलेले दीर्घ पत्र होय. मराठी कादंबऱ्यांच्या प्रस्तावनांत तिला वेगळे स्थान आहे. शिवाजी महाराजांविषयीचे कुरुंदकरांचे विवेचन ‘छत्रपती शिवाजी महाराज : जीवन रहस्य’ या पुस्तिकेच्या रूपानेही वाचकांपुढे आले.

शिवाजी महाराजांच्या चरित्रातील अफजलखानाचा वध (१६५९), शाहिस्तेखानावरील छापा (१६६३) व आग्र्याहून सुटका (१६६६) हे प्रसंग अद्भुत कथेसारखे रोमहर्षक आहेत. साहित्यिकाला तेच प्रथम मोहात पाडतात. कुरुंदकरांच्या मते हे प्रसंग बाजूला ठेवले तरी महाराजांचे मोठेपण उणे होत नाही. ते त्यांनी उभ्या केलेल्या राज्यव्यवस्थेत आणि रयतेत निर्माण केलेल्या विश्वासात आहे. त्याची कसोटी त्यांच्या पश्चात लागली. १६८० मध्ये महाराजांचे निधन झाले. नंतर औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला, संभाजी महाराजांची हत्या झाली, राजधानी पडली. तरीही १७०७ मध्ये बादशहाचा मृत्यू होईपर्यंत मराठ्यांनी झुंज सोडली नाही. राजा नसतानाही लोक ज्या राज्यासाठी लढतात ते केवळ एका वीराच्या पराक्रमावर उभे नसते, हा या विवेचनाचा गाभा आहे.

कर्णावरील लेखन व ही प्रस्तावना यांत एक समान धागा आहे. एका ठिकाणी प्राचीन काव्यातील पुरुष आहे, तर दुसऱ्या ठिकाणी मध्ययुगीन इतिहासातील. दोघांभोवती दंतकथांचे दाट आवरण आहे. ते दूर केल्यावर एकाच्या प्रतिमेत व्यंग दिसू लागते आणि दुसऱ्याची प्रतिमा अधिक भक्कम होते. चिकित्सेचा निकाल आधी ठरलेला नसतो, हे यावरून स्पष्ट होते.

कादंबरीची समीक्षा

‘धार आणि काठ’ (१९७१) या ग्रंथात कुरुंदकरांनी मराठी कादंबरीच्या वाटचालीचा चिकित्सक आढावा घेतला आहे. मराठी कादंबरीच्या आरंभीच्या काळात अद्भुतरम्य कथानकांचा प्रवाह ठळक होता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) ही त्या प्रवाहातील प्रसिद्ध कादंबरी, तर रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ (१८७१) ही पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. राजे, किल्ले, कारस्थाने व पराक्रम यांची आवड मराठी वाचकात तेव्हापासून आहे. ही आवड क्षुद्र न मानता, तिच्यातून कलाकृती केव्हा घडते आणि नुसते रंजन केव्हा होते, हा भेद करणे समीक्षकाचे काम ठरते.

मतभेद

कुरुंदकरांच्या भूमिकेविरुद्ध दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ललित लेखक संहितेला बांधील नसतो. भास, मुक्तेश्वर व मोरोपंत यांनी आपापले महाभारत रचले, तसा अधिकार आजच्या कादंबरीकारालाही आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जन्मावरून अपमान सोसलेल्या असंख्य वाचकांना कर्णाच्या रूपाने आपले दुःख बोलते झाल्यासारखे वाटते. श्लोकांचे पुरावे देऊन हा आधार काढून घेणे त्यांना निष्ठुरपणाचे वाटू शकते.

पहिल्या आक्षेपाबाबत असे म्हणता येईल की, या चिकित्सेत लेखकाचे स्वातंत्र्य नाकारलेले नाही; नव्या निर्मितीला प्राचीन इतिहास म्हणून प्रमाण मानण्याला विरोध आहे. दुसऱ्या आक्षेपाचे बळ मात्र मान्य करावे लागते. कर्णाची आधुनिक प्रतिमा हा व्यासांविषयीचा पुरावा नसला, तरी विसाव्या शतकातील समाजाच्या वेदनेचा पुरावा निश्चितच आहे आणि त्या दृष्टीने तिचाही अभ्यास आवश्यक आहे.

निधन व स्मृती

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे व्यासपीठावरच हृदयविकाराच्या झटक्याने कुरुंदकरांचे निधन झाले. त्या वेळी त्यांना पन्नास वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांचे बरेचसे लेखन नियतकालिकांत, प्रस्तावनांत, पत्रांत व व्याख्यानांत विखुरलेले होते. ते पुढे पुस्तकरूपाने प्रकाशित झाले. ‘निवडक नरहर कुरुंदकर’ या खंडांमुळे नव्या पिढीतील वाचकांनाही त्यांचे लेखन उपलब्ध झाले आहे.

ग्रंथसंपदा

• रूपवेध
• रिचर्ड्सची कलामीमांसा
• मागोवा (१९६७)
• जागर (१९६९)
• शिवरात्र (१९७०)
• धार आणि काठ (१९७१)
• पायवाट (१९७४)
• छायाप्रकाश
• छत्रपती शिवाजी महाराज : जीवन रहस्य
• व्यासांचे शिल्प (मरणोत्तर)