तेलाचा हिशोब मांडणारा किंग हबर्ट

टाकीतलं पाणी किती उरलंय हे नळ कोरडा पडेपर्यंत कुणी बघत नाही. तेलाच्या बाबतीत सारं जगच असं वागतं. हा हिशोब आधीच मांडून ठेवणाऱ्या मॅरियन किंग हबर्टची ही ओळख.

हबर्टचा जन्म ५ ऑक्टोबर १९०३ रोजी टेक्सासमधल्या सॅन साबा इथे झाला. शिकागो विद्यापीठात तो भूशास्त्र आणि फिजिक्स शिकला, १९३७ मध्ये तिथेच पीएच.डी. झाला. कोलंबिया विद्यापीठात शिकवून १९४३ साली तो शेल कंपनीत संशोधक म्हणून लागला.

मार्च १९५६ मध्ये सॅन अँटोनियो इथे तेलवाल्यांच्या सभेत त्याने एक आलेख दाखवला. तर्क साधा होता. जमिनीतलं तेल मर्यादित आहे, म्हणून उत्पादन शून्यापासून चढेल, शिखर गाठेल आणि पुन्हा उतरेल. वक्राखालचं क्षेत्रफळ एकूण साठ्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. अमेरिकेत (अलास्का सोडून) एकूण साठा १५० अब्ज पिंपं धरला तर शिखर १९६५ च्या सुमारास, २०० अब्ज धरला तर १९७० च्या सुमारास! भाषणाच्या तोंडावर कंपनीच्या ऑफिसातून, जरा सौम्य बोला, असा फोन आला म्हणे. गडी बधला नाही.

लोकांना ते पटलं नाही. सरकारी भूगर्भ खात्यातून तर ५९० अब्ज पिंपांचा अंदाज आला, मग काळजी कशाला? १९६४ मध्ये हबर्ट त्याच खात्यात रुजू झाला आणि तिथेही भांडत राहिला. १९७० साली उत्पादन दिवसाला सुमारे ९६ लाख पिंपांवर पोचलं आणि उतरू लागलं. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा कुठे सगळ्यांना हबर्ट आठवला. १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी व्हाईट हाऊसच्या छतावर सौर पॅनेल बसवले. १९८६ साली तेलाचे भाव कोसळले, आणि त्याच वर्षी ते पॅनेलही उतरवले गेले. ११ ऑक्टोबर १९८९ ला हबर्ट वारला.

त्याचं सगळंच बरोबर आलं असं नाही. जगाचं शिखर २००० च्या आसपास येईल हा अंदाज फसला. गंमत बघा, १९५७ मध्ये हबर्टनेच विलिस या सहकाऱ्याबरोबर, पाण्याच्या दाबाने खडकाला भेगा कशा पडतात याचं मेकॅनिक्स मांडलं होतं. पुढे याच तंत्राने घट्ट खडकातलं तेल निघालं आणि २०१८ साली अमेरिकेने १९७० चा विक्रम मोडला.

झालं, तेल भरपूर आहे म्हणून लोक पुन्हा निवांत! पण जाळलेलं तेल जातं कुठे? १९५८ मध्ये हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होता, आज तो ४२० च्या वर आहे. हा आलेख अजून चढतोच आहे, आणि इथे पंपावरची रांग आपल्याला जागं करायला येणार नाही.

आपल्यातले बरेच जण उद्या प्लांटवर, रिफायनरीत नाहीतर वीज कंपनीत असतील. नकोसा आकडा साहेबांपुढे ठेवायची वेळ आली, तर हबर्टला जरूर आठवा.