जेम्स वॉट: ट्यूनिंग कुठे संपतं आणि खरा बदल कुठे सुरू होतो?

चार्जरवर ३३ वॉट, ६७ वॉट असं लिहिलेलं असतं ना? ते नाव जेम्स वॉटचं. किटलीचं झाकण उडताना पाहून त्याने वाफेचं इंजिन शोधलं, ही गोष्ट ऐकली असेल तर विसरा. इंजिन आधीच होतं. वॉटकडे ते आलं रिपेअरिंगला!

१७३६ साली स्कॉटलंडमध्ये ग्रीनॉकला जन्मलेला वॉट ग्लासगो विद्यापीठात उपकरणं बनवायचा, दुरुस्त करायचा. १७६३ च्या हिवाळ्यात त्याच्याकडे न्यूकोमेन इंजिनाचं छोटं मॉडेल आलं. थोडं चालून ते बंद पडायचं, कारण बॉयलरची वाफ पुरत नव्हती. पंपावरचा भार आणि थंड पाण्याचा फवारा कमी केल्यावर ते नीट चाललं. काम झालं, पण वॉट तिथे थांबला नाही. एवढी वाफ जाते कुठे?

या इंजिनात वाफ सिलिंडरमध्ये भरायची आणि तिथेच थंड पाणी मारून तिचं पाणी करायचं. मग बाहेरची हवा पिस्टन खाली ढकलायची. म्हणजे प्रत्येक फेरीला सिलिंडर गार होणार आणि पुढची वाफ तो परत तापवण्यातच वाया जाणार. १७६५ मध्ये वॉटला उपाय सुचला: वाफ थंड करायला वेगळं भांडं, म्हणजे कंडेन्सर. सिलिंडर कायम गरम!

ट्यूनिंगला कमी समजू नका हं. जॉन स्मीटनने नुसती मापं आणि प्रमाणं सुधारून जुन्याच इंजिनाकडून त्याच कोळशात जवळपास दुप्पट काम काढलं. पण सिलिंडर गार होणं त्यालाही टाळता आलं नाही.

१७६९ मध्ये वॉटने पेटंट घेतलं. १७७५ मध्ये संसदेने त्याची मुदत १८०० पर्यंत वाढवली. वॉट आणि भागीदार मॅथ्यू बोल्टन खाणवाल्यांकडून वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा घ्यायचे. कॉर्नवॉलमध्ये कोळसा महाग, त्यामुळे रक्कम मोठी. मग एडवर्ड बुलने सिलिंडर उलटा करून थेट खाणीच्या तोंडावर बसवला. इंजिन दिसायला एकदम वेगळं, पण आत कंडेन्सर वॉटचाच! प्रकरण कोर्टात गेलं. जोनाथन हॉर्नब्लोअरने तर दोन सिलिंडर वापरले होते. माझ्या मते तो खराखुरा बदल होता, पण कंडेन्सरशिवाय त्याचंही चालेना. १७९९ मध्ये निकाल वॉटच्या बाजूने लागला.

पेटंट संपल्यावर बुलसोबत काम केलेल्या रिचर्ड ट्रेव्हिथिकने जास्त दाबाची वाफ वापरली. वॉटला ती धोकादायक वाटायची. ट्रेव्हिथिकने मात्र तिच्या जोरावर कंडेन्सरच काढून टाकला.