एच. जी. वेल्स : गालिच्यावरील सेनापती

विज्ञानकथांचे एक जनक म्हणून एच. जी. वेल्स यांचे नाव मराठी वाचकाला परिचित आहे. ‘द टाइम मशीन’ (१८९५) आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) लिहिणारा हा गंभीर विचारवंत चाळिशी उलटल्यावरही जमिनीवर ओणवा होऊन शिशाचे सैनिक हलवीत असे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी लंडननजीकच्या ब्रॉम्ली येथे झाला. वडील जोसेफ चिनीमातीची भांडी आणि क्रिकेटचे साहित्य विकत. केंटकडून खेळताना १८६२ मध्ये त्यांनी ससेक्सचे चार गडी ओळीने चार चेंडूंवर बाद केले होते. दुकान मात्र कधीच नीट चालले नाही. सातव्या वर्षी पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या मुलाला वाचनाचे वेड लागले आणि त्यापाठोपाठ लढायांचेही. नऊ ते तेरा या वयात ब्रॉम्लीच्या रस्त्यांवरून एकटा फिरताना तो मनातल्या मनात प्रचंड सैन्ये चालवी, शत्रूचा धुव्वा उडवी. पाहणाऱ्याला दिसे तो केवळ एक किडकिडीत मुलगा. पुढे कापडदुकानातील उमेदवारी, टी. एच. हक्स्ले यांच्या हाताखालील शिक्षण आणि लेखनातून आलेली कीर्ती हा प्रवास सर्वज्ञात आहे.

त्या मनोराज्याला नियमांची चौकट मिळाली ती एका जेवणाच्या टेबलाशी. स्प्रिंगच्या जोरावर इंचभर लांबीची लाकडी गोळी फेकणारी खेळण्यातील तोफ तेव्हा बाजारात आली होती. वेल्स यांच्याकडे आलेल्या एका मित्राने कॉफी येण्यापूर्वी सहज नेम धरला, समोरचा सैनिक पाडला आणि यजमानांना आव्हान दिले. पुस्तकात हे मित्र जे. के. जे. या आद्याक्षरांनीच येतात. ते विनोदकार जेरोम के. जेरोम, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. लवकरच गालिच्यावर विश्वकोशाचे जाडजूड खंड मांडून डोंगर आणि इमारती उभ्या राहिल्या. अवेळी येणारे पाहुणे आणि स्त्रियांचे घोळदार झगे हे या रणभूमीचे खरे वैरी ठरले.

खरी अडचण पुढे आली. बुद्धिमान खेळाडू एकत्र आले की नियमांतील फटी शोधू लागतात. कोणता सैनिक किती इंच पुढे न्यावा, कोणता आडोसा तोफेपासून सुरक्षित राहील, याचा हिशेब सुरू झाला, की युद्धाचा थरार ओसरून गणिताची वही उरते. आज संगणकावर डावपेचांचे खेळ खेळणाऱ्यांमध्ये हाच वाद रंगतो : राज्याच्या कथेत रमून खेळावे, की आकडे पिळून जिंकावे? वेल्स यांना दोन्ही हवे होते, आणि त्यांनी शोधलेला तोडगा मला आजही चतुर वाटतो. त्यांनी घड्याळ आणले. तीस सैनिकांमागे एक मिनिट आणि प्रत्येक तोफेमागे एक मिनिट. म्हणजे एकशे दहा सैनिक आणि तीन तोफा असलेल्या सेनापतीला अवघी सात मिनिटे! हिशेब करायला उसंतच उरली नाही. हात थरथरू लागले, चुका होऊ लागल्या, विसरलेली तुकडी उघड्यावर राहू लागली आणि डाव पुन्हा लढाईसारखा भासू लागला. तोफ डागण्यासाठी तिच्यापासून सहा इंचांच्या आत किमान चार सैनिक हवेत, हा नियमही साधा आणि डोळ्यांना पटणारा होता. हातघाईचा निकाल आधी नाणे उडवून लागे, तोही दैवाच्या हातून काढून घेण्यात आला.

१९१३ मध्ये हे सारे ‘लिटल वॉर्स’ या छोट्या पुस्तकात प्रसिद्ध झाले. छायाचित्रे पत्नीने काढलेली होती. नियमांच्या जोडीला एका लढाईची हकिकत आहे, ती बढाईखोर निवृत्त सेनापतीच्या थाटात. प्रशियाच्या राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘क्रीगस्पील’ नकाशा, कोष्टके आणि पंच यांवर चाले आणि सैन्याच्या प्रशिक्षणात तो रुजला होता. त्याचे तत्कालीन लष्करी रूप वेल्स यांना नीरस वाटे. गंमत अशी, की लष्करी अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार होताच त्यांनीही परिशिष्टात रसद आणि वाहतुकीचे जास्तीचे नियम जोडलेच.

त्याच पुस्तकात त्यांनी वाचकाला बजावले होते, की हा खेळ तीन-चारदा खेळला तरी खरे महायुद्ध हे माणसाच्या आवाक्याबाहेरचे, गोंधळाचे प्रकरण असल्याचे कळेल. वर्षभरात ते युद्ध आले आणि नेमके वेल्सच त्यात वाहवत गेले. युद्धाचा अंत करणारे युद्ध, ही कल्पना त्यांनी १९१४ मध्ये हिरिरीने मांडली. सप्टेंबरात सरकारी प्रचारयंत्रणेने बोलावलेल्या लेखकांच्या बैठकीत तेही होते. १९१६ मध्ये त्यांनी इटली आणि फ्रान्समधील आघाड्या पाहिल्या. त्याच वर्षीच्या ‘मिस्टर ब्रिटलिंग’ या कादंबरीतील लेखक-नायकाचा मुलगा रणांगणावर मारला जातो.

१९३४ च्या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःची गय केलेली नाही. ब्रॉम्लीतल्या त्या लढायांची नशा आपल्याला प्रौढपणीही सुटली नव्हती, १९१६ ते १९२० च्या दरम्यान केव्हातरी आपण युद्धाचा विचार जबाबदार माणसासारखा करू लागलो, असे ते मान्य करतात. एवढ्यावर न थांबता, जर्मनीत सत्तेवर आलेल्या हिटलरमध्ये त्यांना स्वतःचीच तेराव्या वर्षीची दिवास्वप्ने प्रत्यक्षात उतरलेली दिसली.

‘अणुबॉम्ब’ हा शब्द त्यांनी १९१४ मधील ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत योजला होता. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा हिरोशिमाला एक वर्ष आणि एक आठवडा उलटला होता.