प्लेगच्या रणातील परिचारिका : सावित्रीमाई

दरवर्षी १२ मे रोजी जगभर परिचारिका दिन साजरा होतो. तो फ्लोरेन्स नाईटिंगेल यांचा जन्मदिवस. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांची सेवा करणारी ही बाई थोरच होती. आम्ही तिला वंदन करतो. पण त्याच युद्धात जमैकाची मेरी सीकोल नावाची काळ्या वंशाची बाईही होती. लंडनमध्ये तिला परिचारिका म्हणून नाकारले, तेव्हा ती स्वखर्चाने रणभूमीवर गेली. तिचा पुतळा लंडनमध्ये उभा राहायला २०१६ साल उजाडले. इतिहास कोणाचा दिवा तेवत ठेवतो आणि कोणाचा विझवतो, हे यातून कळते.

आमच्याकडेही असेच झाले. केदारखेड्यासारख्या गावात ३ जानेवारीला शाळाशाळांतून क्रांतिज्योती सावित्रीमाईंच्या फोटोला हार घातला जातो. पहिली शिक्षिका, अंगावर झेललेले शेण, भिडे वाड्यातील शाळा, एवढे सांगून भाषण संपते. सावित्रीमाई परिचारिका होत्या आणि रुग्णसेवा करतानाच त्यांनी प्राण दिला, हे किती मुलांना ठाऊक असते?

सेवेचे हे व्रत माईंनी म्हातारपणी अचानक घेतले नव्हते. ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावी जन्मलेल्या या लेकीने १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवले. १८६३ साली जोतीरावांसह बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे तेथे होत, त्या बाळंतिणींची आणि अर्भकांची काळजी माईच घेत. त्यातल्याच काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच डॉ. यशवंत. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधकांनी अन्नछत्रे चालवली, तेथेही माई राबल्या. १८९० साली जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे धरायला माई स्वतः पुढे झाल्या. १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

मग प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेली साथ १८९७ च्या आरंभी पुण्यात पसरली. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता, पण उंदरावरची पिसू तो माणसात आणते, हे तेव्हा सिद्ध झाले नव्हते. हाफकिन यांची लस मुंबईत नुकतीच तयार होत होती. सरकारने ही साथ युद्धासारखी हाताळली. गोरे सोजीर घरात घुसून रोगी शोधत, सामान जाळत. काखेत गाठ दिसली की सख्खे नातेवाईकही पळ काढत. गावकुसाबाहेरच्या माणसाकडे तर कोण बघणार?

त्या दिवसांत माईंनी लष्करी सेवेतील डॉ. यशवंत यांना बोलावून घेतले. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर, उघड्या हवेत, दवाखाना उभा राहिला. सहासष्ट वर्षांच्या माई रोगी शोधून आणत आणि त्यांची शुश्रूषा करत. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्या तेथे गेल्या. त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी माईंनी देह ठेवला.

ज्या काळात महाराची सावली विटाळ मानली जात होती, त्या काळात एका माळी घरातली म्हातारी महाराचे आजारी पोर पाठीवर घेते! जातिअंताचा याहून मोठा धडा कोणता?

म्हणूनच आमची मागणी आहे. माईंच्या या शेवटच्या दिवसांवर वीस-पंचवीस मिनिटांचा लघुपट निघाला पाहिजे. १९५४ साली आचार्य अत्रे यांनी महात्मा फुले हा चित्रपट काढला, त्याच्या मुहूर्ताला बाबासाहेब हजर होते. २०२५ साली फुले हा हिंदी चित्रपट आला. पण ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपानंतर तो दोन आठवडे लांबला, आणि महार, मांग, पेशवाई असे शब्द बदलायला सेन्सॉर मंडळाने सांगितले. आम्ही विचारतो, महार हा शब्दच काढला तर मुंढव्याच्या त्या वाटेचा अर्थ काय उरला? मग ती नुसती दयाळू आजीबाईची गोष्ट होते. जात पुसून माईंचे मोठेपण सांगताच येत नाही.

लघुपटाला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. आज चळवळीतल्या पोरांच्या हातात कॅमेरे आहेत. जयंतीच्या वर्गणीतला काही वाटा डीजेऐवजी इकडे वळवा. तो लघुपट बुद्धविहारात दाखवा, नर्सिंग कॉलेजात दाखवा, घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंना दाखवा. आपण कोणाचा वारसा चालवतो, हे त्यांना कळू द्या. आपला इतिहास दुसरे कोणी दाखवतील, याची वाट पाहत बसलो तर तो कात्री लागूनच आपल्यापर्यंत येईल.

जय जोती, जय सावित्री, जय भीम!