आनंदीबाई जोशी

आनंदीबाई गोपाळराव जोशी (३१ मार्च १८६५ – २६ फेब्रुवारी १८८७) या पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक होत. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे सुमारे अडीच वर्षे राहून त्यांनी १८८६ मध्ये ही पदवी संपादन केली. परदेशी जाण्याची त्यांची वाट कोल्हापुरातून सुरू झाली आणि पदवीनंतरची नेमणूकही त्यांना कोल्हापूरनेच दिली. परक्या हवामानात निवारा, आहार आणि पोशाख यांची घडी बसवणे हा त्यांच्या शिक्षणाचा अभ्यासक्रमाइतकाच कठीण भाग ठरला.

बालपण व विवाह

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. त्यांचे वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर होते व वयाने त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीला शिकवण्याचा त्यांचा आग्रह होता आणि तो अनेकदा कठोर रूप घेई. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसांतच दगावला. या घटनेनंतर स्त्रियांना स्त्री डॉक्टरची गरज आहे, अशी त्यांची धारणा झाली.

कोल्हापूर व अमेरिकेशी पत्रव्यवहार

गोपाळरावांची बदली कोल्हापूरला झाली, तेव्हा या दांपत्याचा तेथील अमेरिकन मिशनशी संबंध आला. या मिशनचे काम रेव्हरंड रॉयल विल्डर यांनी १८५२ मध्ये सुरू केले होते. पुढे मायदेशी परतलेल्या विल्डर यांना गोपाळरावांनी १८७८ मध्ये कोल्हापूरहून पत्र लिहिले आणि पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत साहाय्य मिळेल का, अशी विचारणा केली. विल्डर यांनी धर्मांतराची अपेक्षा सुचवली. ती जोशी दांपत्याला मान्य नव्हती. मात्र विल्डर यांच्या मासिकात छापलेला हा पत्रव्यवहार न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे थांबल्या असताना वाचला. १८८० पासून त्यांची आनंदीबाईंशी पत्रे सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत.

प्रयाण व रोझेल येथील वास्तव्य

पुढे गोपाळरावांची नेमणूक बंगालमध्ये झाली. श्रीरामपूर येथे २४ फेब्रुवारी १८८३ रोजी केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी अमेरिकेस जाण्यामागील कारणे सांगितली आणि हिंदू म्हणूनच जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचा निर्धार व्यक्त केला. ७ एप्रिल १८८३ रोजी मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने, पतीशिवाय, त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचे होते.

पहिले काही महिने त्या रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. पत्रांतून जुळलेला स्नेह येथे प्रत्यक्ष घरोब्यात उतरला. शाकाहार, स्वतःचा पोशाख आणि आचार सांभाळून परक्या घरात वावरण्याची सवय त्यांना येथेच झाली.

फिलाडेल्फियातील विद्यार्थिजीवन

१८८३ च्या शरद ऋतूत आनंदीबाईंनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १८५० मध्ये स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांना वैद्यक शिकवणाऱ्या जगातील आद्य संस्थांपैकी एक होती. महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी त्यांच्या शिक्षणाची विशेष काळजी घेतली आणि महाविद्यालयाने त्यांना शिष्यवृत्ती दिली.

कार्पेंटर यांचे घर सुटल्यावर मात्र राहण्याची अडचण पुढे आली. त्यांना मिळालेल्या खोलीतील शेकोटीची रचना सदोष होती. विस्तव पेटवला की खोली धुराने भरे आणि न पेटवला तर थंडी असह्य होई. फिलाडेल्फियात हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. नऊवारी नेसण्याची पद्धत अशा थंडीत अपुरी पडत असल्याने आनंदीबाई गुजराती पद्धतीने, घोटे झाकणारी साडी नेसू लागल्या. पाश्चात्त्य पोशाख त्यांनी स्वीकारला नाही. मांसाहार वर्ज्य असल्याने पुरेसा आहार मिळणेही कठीण होते. भारतात असतानाच त्यांना डोकेदुखी, ताप व अशक्तपणा यांचा त्रास होता. अमेरिकेत प्रकृती आणखी खालावली आणि पुढे त्यांना क्षय जडला.

या महाविद्यालयात त्या एकट्याच परदेशी नव्हत्या. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली याही तेथे शिकत होत्या. ऑक्टोबर १८८५ मध्ये घेतलेले या तिघींचे आपापल्या देशी पोशाखातील छायाचित्र प्रसिद्ध आहे.

पदवी

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी प्रदान करण्यात आली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. समारंभास गोपाळराव आणि इंग्लंडहून आलेल्या त्यांच्या नातलग पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

कोल्हापूरची नेमणूक व मृत्यू

आनंदीबाई अमेरिकेत असतानाच कोल्हापूर संस्थानाने तेथील अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक केली. हेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखले जाते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, परंतु आजारपणामुळे कोल्हापूरचे काम हाती घेऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या. कार्पेंटर यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील आपल्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवल्या.

चरित्रे व स्मृती

कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजीत आनंदीबाईंचे चरित्र लिहिले. मराठीत काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी त्यांच्या जीवनावर आधारित असून त्याच नावाचा मराठी चित्रपट २०१९ मध्ये प्रदर्शित झाला. शुक्र ग्रहावरील एका विवरास त्यांचे नाव देण्यात आले आहे.