धारेचा राजा भोज आणि अंगाचे तेल

राजा भोजाचे नाव ऐकलेले नाही असा मुलगा माळव्यात सापडणार नाही, आणि महाराष्ट्रातही क्वचितच सापडेल. परंतु पुष्कळांना हे नाव ठाऊक असते ते केवळ एका म्हणीमुळे. त्या म्हणीत एका टोकाला राजा भोज उभा असतो, दुसऱ्या टोकाला गंगू नावाचा तेली, आणि दोघांमधील अंतर दाखवून ऐकणाऱ्याला त्याची पायरी ओळखावयास सांगितलेले असते. काही अभ्यासकांना या गंगू तेल्यात भोजाचे शत्रू, म्हणजे कलचुरी गांगेयदेव आणि दक्षिणेकडील चालुक्य, दडलेले दिसतात. ते कसेही असो; तेल्याला राजापासून इतके दूर नेऊन ठेवणारी ही म्हण भोजावर थोडा अन्यायच करते, असे आम्हांस वाटते. कारण ज्या राजाच्या नावावर व्याकरण, अलंकारशास्त्र, ज्योतिष आणि वास्तुविद्या यांवरील ग्रंथ सांगितले जातात, त्याच्याच नावावर माणसाने रोज आपल्या अंगाची निगा कशी राखावी हे सांगणारे एक लहानसे पुस्तकही आहे, आणि त्यात तेलाला मानाचे स्थान आहे. भोजाचे चरित्र सांगताना लढायांचीच यादी वाचावयास मिळते. आम्ही येथे ते या तेलाच्या वाटेने सांगणार आहोत.

मराठी वाचकाला भोज परका वाटण्याचे कारण नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी फौजा माळव्यात स्थिरावल्या तेव्हा धार येथे पवारांची एक गादी झाली, आणि देवास येथे तुकोजी व जिवाजी या दोन भावांच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या. ही संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. हे पवार स्वतःला माळव्याच्या जुन्या परमार वंशाशी जोडीत असत. भोज हा त्याच परमार वंशातील राजा. त्यामुळे धार-देवासच्या मराठी घरांत त्याची गोष्ट घरच्या वडीलधाऱ्या माणसाची गोष्ट सांगावी तशी सांगितली जाई.

त्याचा चुलता वाक्पती मुंज हा पराक्रमी आणि काव्यरसिक राजा होता. गोदावरी ओलांडून तो चालुक्य तैलपावर चालून गेला, पकडला गेला आणि कैदेतच मारला गेला. त्यानंतर मुंजाचा धाकटा भाऊ सिंधुराज गादीवर बसला. भोज हा सिंधुराजाचा मुलगा. १०१० सालाच्या सुमारास तो राजा झाला आणि पुढे जवळजवळ पंचेचाळीस वर्षे त्याने राज्य केले. धारानगरी ही त्याची राजधानी. १०२० सालच्या त्याच्या दोन ताम्रपटांत कोकणच्या विजयोत्सवाचा उल्लेख आहे. त्यांतील एक ताम्रपट इंदूरहून धारेस जाताना लागणाऱ्या बेटमा या गावी सापडला. उत्तर कोकणात तेव्हा शिलाहार राज्य करीत होते. हे लिहिणारे आम्ही घरी कोकणी बोलणारे. तेव्हा धारेत ज्याचा उत्सव झाला तो पराभव आमच्या बाजूच्या लोकांचा होता, हे मनात आल्यावाचून राहत नाही. परंतु हजार वर्षांनंतर रुसून काय उपयोग?

१०३० सालाच्या सुमारास अल्बेरूनी या प्रवासी पंडिताने हिंदुस्थानाविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात धार हे माळव्याचे मुख्य नगर असून तेथे भोजदेव राज्य करतो अशी नोंद आहे. त्याच ग्रंथात धारेची एक विलक्षण दंतकथा आली आहे. ती भोजाची नव्हे, कोणा प्राचीन राजाची. राजवाड्याच्या दारात माणसाच्या अवयवांचा आकार दिसेल असा शुद्ध रुप्याचा एक लांबट तुकडा पडलेला होता. त्याची कथा अशी की, एका रसायन जाणणाऱ्या माणसाने राजाला अमर आणि अजिंक्य करण्याचे वचन दिले. त्याने कढईत तेल चढविले आणि ते दाट होईपर्यंत कित्येक दिवस कढविले. मग राजाला त्यात उडी घेण्यास सांगितले. राजाचा धीर झाला नाही. तेव्हा तो माणूस स्वतःच उकळत्या तेलात उतरला. कोणती पूड केव्हा टाकावयाची हे त्याने राजाला आधी समजावून दिले होते. शेवटची पूड टाकण्याची वेळ आली तेव्हा राजाच्या मनात आले की, हा माणूस अमर होऊन बाहेर आला तर आपले काय होईल? त्याने हात आखडता घेतला. कढई निवली, आणि आत उरला तो रुप्याचा तुकडा. अल्बेरूनीला रसायनविद्येचा तिटकारा होता. अशा वेडगळ समजुतींचा नमुना म्हणूनच त्याने ही कथा नोंदविली.

आता या कथेशेजारी भोजाच्या नावावरील पुस्तके ठेवून पाहावी. परंपरा त्याला चौऱ्यांशी ग्रंथांचे श्रेय देते. राज्यकारभार आणि युद्धे सांभाळून एका माणसाने इतके लिहिले असेल असे आम्हांस वाटत नाही. दरबारातील पंडितांचा हात त्यांत असणारच. तथापि ज्याच्या नावाने इतकी निरनिराळी शास्त्रे लिहिली गेली, त्याची आवड किती पसरलेली होती हे त्यावरून समजते. वैद्यकातील ‘राजमार्तण्ड’ हा रोगांवरील उपचारांचा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. आणि ‘चारुचर्या’ हे आम्ही वर म्हटलेले लहान पुस्तक. दात घासणे, अंगाला तेल लावणे, स्नान, वस्त्र, सुगंधी लेप, विडा अशा नित्याच्या गोष्टींचा त्यात विचार आहे. अमर होण्याची भाषा नाही, कढई नाही. सकाळी उठलेल्या माणसाने काय करावे, एवढेच.

अभ्यंगाचा हा विचार भोजाच्या पदरचा नव्हे. तो आयुर्वेदात फार जुना आहे. मातीचा घडा, कातडे आणि गाड्याचा आस ही जशी तेलाने टिकाऊ होतात तसेच शरीरही होते, असे चरकसंहितेत समजावले आहे. माळव्यात ही गोष्ट पटावयास ग्रंथ लागत नाही. येथील थंडी कोरडी असते. पौष-माघात टाचांना भेगा पडतात, ओठ फुटतात, नखाने ओढले तर पोटरीवर पांढरी रेघ उमटते. कोकणच्या दमट हवेत वाढलेल्या माणसाला हे पहिल्या हिवाळ्यातच कळून चुकते.

परंतु तेलाने नेमके होते काय? हे समजण्यासाठी भोजाच्याच एका बांधकामाकडे वळावे लागेल. भोपाळजवळ बेतवा नदीच्या काठी भोजपूर हे गाव आहे. तेथे भोजाने टेकड्यांमधील खिंडी बांधाने अडवून विस्तीर्ण सरोवर केले, असे मानले जाते. बांधाच्या पोटात माती, आणि दोन्ही अंगांना घडीव दगडांचे प्रचंड चिरे. ते चुन्यावाचून असे जुळविलेले की पाणी पाझरू नये. आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर हाही एक बांधच आहे. त्याची जाडी साध्या कागदाहून कितीतरी कमी. पण शरीरातील पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरचे जंतू आत येऊ न देणे ही दोन्ही कामे तो करतो. येथे चिरे म्हणजे चपट्या, मृत पेशी. फरक इतकाच की या चिऱ्यांमध्ये चुना आहे, आणि तो स्निग्ध पदार्थांचा आहे. त्यात वजनाने सुमारे निम्मा भाग सिरॅमाइड नावाच्या पदार्थांचा, सुमारे पाव भाग कोलेस्टेरॉलचा आणि उरलेल्यात मुख्यतः मेदाम्ले असतात.

हा चुना ओळखण्यास माणसाला फार काळ लागला. लंडनमध्ये राहणारा जर्मन वैद्य टूडिखुम मेंदूचे रसायन शोधीत होता. तेथे सापडलेल्या एका कोड्यात टाकणाऱ्या पदार्थाला त्याने कोडी घालणाऱ्या स्फिंक्सच्या नावावरून १८८४ साली स्फिंगोसिन हे नाव दिले. सिरॅमाइड हे स्फिंगोसिनासारख्या पदार्थाला मेदाम्ल जोडून बनते. पुढे १९२९ साली अमेरिकेत बर दांपत्याने उंदरांना मुळीच स्निग्ध अंश नसलेला आहार देऊन पाहिले. त्यांच्या त्वचेवर खवले आले, आणि ते पाणी फार पिऊ लागले, कारण ते त्वचेतून निसटत होते. बांधाला गळती लागली होती. लिनोलिक आम्ल असलेले तेल दिल्यावर ते सुधारले. त्वचेतील काही महत्त्वाच्या सिरॅमाइडांना हेच आम्ल जोडलेले असते, हे नंतर समजले.

तिळाच्या तेलात लिनोलिक आम्ल सुमारे चाळीस टक्के किंवा त्याहून थोडे अधिक असते. आम्हां कोकणी घरांतील लाडक्या खोबरेल तेलात ते दोन टक्क्यांच्या आसपास. तेव्हा अंगाला लावण्यास तीळतेलाला पहिली पसंती देणारे जुने लोक चुकले नव्हते. मात्र का चुकले नव्हते हे त्यांना सांगता आले नसते. सगळीच तेले सारखी नव्हेत. ऑलिव्हच्या तेलाने प्रौढांच्या त्वचेचा बांध कमजोर होतो असे २०१३ सालच्या एका अभ्यासात दिसले, आणि मोहरीच्या तेलाने उंदरांच्या दुखावलेल्या त्वचेची दुरुस्ती लांबली. याच्या उलट ढाक्याच्या एका रुग्णालयात, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने चोळले असता रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाला. तो वृत्तान्त २००५ साली प्रसिद्ध झाला. इवल्याशा जिवाच्या अंगावरचे चमचाभर तेल म्हणजे काय, हे त्यावरून उमजावे.

अलीकडे सिरॅमाइड घातलेली मलमे आणि मलया दुकानांत मिळतात. खरजेसारख्या कंड सुटणाऱ्या, इसबाच्या त्वचेत सिरॅमाइड कमी पडते, म्हणून त्यांचा उपयोग आहे. पण येथेही एक मेख आहे. प्रयोगांत असे दिसले की, सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ल यांपैकी एखादेच लावले तर दुखावलेल्या त्वचेची दुरुस्ती उलट मंदावते; तिन्ही योग्य प्रमाणात असली तरच ती नीट चालते. नुसत्या नावाला भुलून चालत नाही. चिरतारुण्याचे वचन देणारी जाहिरात पाहिली की आम्हांस धारेची ती कढई आठवते. आज धार जिल्ह्यात पीथमपूर येथे आणि देवास येथेही औषधांचे कारखाने आहेत, ही गोष्ट मात्र भोजाला आवडली असती.

त्याचा उत्तरकाळ सुखाचा गेला नाही. १०४२ सालापासून गणित धरणारा ‘राजमृगांक’ हा ज्योतिषग्रंथ ज्या दशकात सिद्ध झाला, त्याच दशकात चालुक्य सोमेश्वर पहिला धारेवर चालून आला आणि नगर लुटून जाळून गेला. भोजाने राजधानी परत मिळविली. नवल असे की, याच सोमेश्वराचा नातू तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११३० साली ‘मानसोल्लास’ रचला, आणि त्यात स्नानाच्या प्रकरणी सुगंधी तेलाने अंग मर्दन करण्याचे वर्णन मोठ्या आवडीने केले. आजोबांनी जाळलेल्या नगराच्या राजाचा आणि नातवाचा विषय एकच निघाला.

१०५५ च्या सुमारास गुजरातचा भीम आणि कलचुरी कर्ण या दोघांनी मिळून माळव्यावर चाल केली. त्याच धामधुमीत भोज आजारी पडून मरण पावला. भोजपूरचा बांध पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशहा याने फोडविला. सरोवर रिकामे होण्यास तीन वर्षे लागली असे तिकडील लोक सांगत. आता त्या तळावर शेती होते. शेजारी भोजाचे शिवमंदिर अपुरेच उभे आहे. त्याच्या मागे, दगड वर ओढून नेण्यासाठी रचलेला उतार अजून तसाच आहे, आणि भोवतालच्या खडकांवर, न बांधल्या गेलेल्या भागांचे नकाशे कोरलेले दिसतात.