मणिभाई देसाई : लहान शेतकऱ्याच्या शेतात आमराई उभी करणारा व्रतस्थ

हुबळीहून कारवारकडे उतरणाऱ्या रस्त्यावर धारवाड जिल्ह्यातील कलघटगी तालुका लागतो. पूर्वेला नवलगुंदची काळी कापसाची जमीन, पश्चिमेला यल्लापूरचे दाट रान आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात उतरणीची, पावसाच्या भरवशावरची शेते. याच पट्ट्यात सुरशेट्टीकोप्प हे गाव आहे. त्याच्या परिसरातील लहान शेतकऱ्यांच्या जमिनीत आंब्याची कलमे, बांधावर लाकूड आणि चाऱ्याची झाडे आणि सखल कोपऱ्यात शेततळे अशी मांडणी आढळते. ही मांडणी येथे रुजवली ती बायफ या संस्थेने. तिचे संस्थापक मणिभाई देसाई 1993 मध्ये निवर्तले. धारवाडच्या या झाडांना आलेला मोहोर पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. मात्र ज्या विचारावर ही झाडे उभी राहिली, तो विचार त्यांच्या आयुष्याच्या घडणीतून आलेला आहे.

मणिभाईंचा जन्म 27 एप्रिल 1920 रोजी सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. सुरतेच्या महाविद्यालयात त्यांनी विज्ञानाचे शिक्षण घेतले. बुद्धी तल्लख होती आणि त्या काळच्या सुशिक्षित तरुणाला नोकरीचे मार्गही मोकळे होते. परंतु 1942 च्या चले जाव चळवळीने त्यांची दिशा बदलली. भूमिगत कार्य आणि तुरुंगवास यांतून बाहेर पडल्यावर ते गांधीजींच्या सहवासात आले. आश्रमातील कठोर दिनचर्या आणि हलके मानले जाणारे प्रत्येक काम त्यांनी मनापासून स्वीकारले.

मार्च 1946 मध्ये गांधीजी निसर्गोपचाराचे केंद्र उभारण्यासाठी पुण्याजवळच्या उरुळीकांचन येथे आले. गावातील महादेव तात्याबा कांचन यांनी आश्रमासाठी जमीन दिली. गांधीजींनी तेथे आठवडाभर राहून रुग्णांवर उपचार केले. ते पुढच्या कार्यासाठी निघाले, तेव्हा आश्रमाची जबाबदारी घेऊन मणिभाई मागे राहिले. उरलेले आयुष्य याच गावाच्या सेवेत घालवण्याचा शब्द त्यांनी गांधीजींना दिला होता. तेव्हा त्यांचे वय 25 वर्षांचे होते. ते आजन्म अविवाहित राहिले आणि हा शब्द त्यांनी 47 वर्षे पाळला.

रुग्णांची सेवा करता करता एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. गावातील बरेचसे आजार अर्धपोटी राहण्यातून आलेले होते आणि अर्धपोटी राहण्याचे मूळ कोरड्या शेतात होते. उपचार करायचा तर तो शेतापासून करावा लागणार होता. मणिभाईंनी शेती, फळबाग आणि पशुपालन यांवरील ग्रंथ स्वतः अभ्यासले. आश्रमाच्या जमिनीवर विहिरीच्या पाण्याचा हिशेब मांडून त्यांनी पिके घेतली, द्राक्षांची लागवड करून दाखवली, गीर गायींची गोशाळा काढली. गावात शाळा उभी राहिली, थेऊरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी पुढाकार घेतला. स्वतःच्या शेतात सिद्ध झाल्यावाचून कोणतीही गोष्ट शेतकऱ्याला सांगायची नाही, हा त्यांचा दंडक याच काळात पक्का झाला.

एका गावातील हा अनुभव इतरत्र नेण्यासाठी 1967 मध्ये त्यांनी भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजेच बायफ, ही संस्था स्थापन केली. 24 ऑगस्ट 1967 रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. संस्थेचे पहिले मोठे कार्य गायींच्या संकरीकरणाचे होते. गोठवलेल्या वीर्याच्या साह्याने गावठी गायीपासून अधिक दूध देणारी कालवड तयार करण्याचे तंत्र प्रयोगशाळांत उपलब्ध होते, पण एक-दोन गायी बाळगणारा शेतकरी माजावर आलेली गाय कित्येक मैल चालवत दवाखान्यापर्यंत नेऊ शकत नव्हता. मणिभाईंनी व्यवस्थेची दिशाच उलटी केली. प्रशिक्षित कार्यकर्ता शेतकऱ्याच्या दारात जाऊ लागला. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, उत्तर प्रदेश अशा राज्यांत ही सेवा पसरली. 1968 मध्ये पद्मश्री आणि 1982 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार देऊन त्यांचा गौरव झाला.

त्याच 1982 साली दक्षिण गुजरातमधील वांसदा भागात बायफने एक निराळा प्रयोग आरंभला. तेथील आदिवासी कुटुंबांपाशी डोंगरउताराची निकस जमीन होती. पावसाळा संपला की माणसे ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर जात. दूधधंद्याला लागणारा चारा त्या जमिनीत पिकत नव्हता. गाय देऊन हे कुटुंब सावरणार नव्हते, म्हणून आंबा आणि काजू यांचा विचार पुढे आला.

आंब्याला बाजार होता. अडचण होती ती काळाची. चांगल्या कलमालाही भरवशाचे फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात. मोठ्या बागायतदाराला ही वर्षे काढता येतात. ज्याच्या घरात जानेवारीनंतर धान्य उरत नाही, तो झाडाकडे पाहत बसू शकत नाही. तो मजुरीला गेला की रोपाला पाणी घालणारे कोणी उरत नाही, मोकाट गुरे शेंडे खातात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात कलम वाळून जाते. सरकारी योजनांतून फुकट वाटलेली लक्षावधी रोपे देशभर याच मार्गाने संपली आहेत. उणीव रोपाची नव्हती. फळ येईपर्यंत त्या कुटुंबासोबत राहणाऱ्या व्यवस्थेची होती.

वाडी या नावाने प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीने नेमकी ही उणीव भरून काढली. कोकण-गोव्यातील वाचकाला वाडी म्हणजे बागायत हे वेगळे सांगायला नको. एका कुटुंबाने साधारण एक एकर जमिनीत 40 ते 60 फळझाडे लावायची. भोवती शेकडो जंगली झाडांचे दाट कुंपण करायचे, म्हणजे गुरे अडतात, वारा थोपतो आणि पुढे सरपण, चारा, वासेही मिळतात. कलमांच्या रांगांमध्ये नागली, कडधान्ये, भाजीपाला घ्यायचा, म्हणजे पहिल्या वर्षापासून घरात काही येते. उताराला आडवे बांध आणि चर घालून माती व पाणी अडवायचे. उन्हाळ्यात डोक्यावरून हंडे आणून प्रत्येक आळ्यात मोजके पाणी द्यायचे. हे सारे श्रम कुटुंबाने स्वतःच्या जमिनीत करायचे आणि सुरुवातीच्या वर्षांत त्या श्रमांसाठी त्याला आर्थिक आधार मिळायचा, जेणेकरून गाव सोडण्याची वेळ येऊ नये. भूमिहीनांना आणि महिला गटांना रोपवाटिका व कलमे बांधण्याचे काम मिळाले.

फळ हाती आल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला. थोडा माल असलेला शेतकरी व्यापाऱ्यापुढे दुबळा ठरतो. वांसदा परिसरातील वाडीधारकांनी वसुंधरा ही सहकारी संस्था काढली. आंब्याचे लोणचे आणि काजू वृंदावन या नावाने बाजारात जाऊ लागले. पुढे 1995 पासून नाबार्डने जर्मन साह्याने गुजरातेत आणि त्यानंतर महाराष्ट्रात या पद्धतीला मोठा आधार दिला आणि आदिवासी विकासासाठी स्वतंत्र निधी उभारला.

14 नोव्हेंबर 1993 रोजी पुण्यात मणिभाईंचे निधन झाले. संस्थेची धुरा डॉ. नारायण हेगडे यांच्याकडे आली. कर्नाटकात बायफचे काम गायींपासून आधीच सुरू झाले होते. नंतरच्या वर्षांत युरोपीय साह्याच्या प्रकल्पातून सुरशेट्टीकोप्प परिसरात वाडीची कल्पना पोहोचली, ती मात्र तशीच्या तशी उचललेली नव्हती. वांसद्याला धो धो पाऊस पडतो. कलघटगीकडे तो कमी आणि लहरी असतो. म्हणून येथे आधी पाणी आले, मग आंबा. शेताशेतांत चर आणि बांध, त्यांना जोडून शेततळी आणि त्या ओलाव्यावर कलमे, असा क्रम ठरला. प्रत्येक शेतकऱ्याचे तळे त्याच्याच जमिनीत असल्याने पाण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची गरज राहिली नाही.

धारवाड परिसरात हापूसची परंपरा जुनी आहे. स्थानिक लोक त्याला आपूस म्हणतात. 1986 पासून येथे कृषी विद्यापीठही आहे. तरीही लहान बागायतदाराच्या अडचणी संपलेल्या नाहीत. हापूस एका वर्षी लगडतो आणि दुसऱ्या वर्षी रुसतो. मोहोराच्या वेळी पडलेले धुके किंवा अवेळी पाऊस वर्षाचे उत्पन्न नेतो. पैशांची निकड असलेला शेतकरी मोहोर दिसताच बाग व्यापाऱ्याला ठोक रकमेत देऊन टाकतो आणि चांगल्या हंगामाचा लाभ दुसऱ्याच्या पदरात पडतो. पुण्या-मुंबईच्या बाजारात हा आंबा कर्नाटक हापूस म्हणून कमी भावाने विकला जातो, तर 2018 मधील भौगोलिक मानांकन कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसलाच लागू आहे. फवारणी, छाटणी, प्रतवारी यांचे नवे तंत्र आज उपलब्ध आहे. एकट्या दोन एकरवाल्याला ते परवडत नाही. गटाने घेतले तर परवडते. वसुंधरेच्या शेतकऱ्यांनी जे लोणच्यासाठी केले, तेच येथे ताज्या फळासाठी करावे लागेल.

मणिभाईंनी मागे ठेवलेला ठेवा कोणत्याही एका तंत्रापेक्षा मोठा आहे. गाय, द्राक्ष, सुबाभूळ, आंबा अशी साधने त्यांनी परिस्थितीनुसार बदलली. शेतकऱ्याच्या दारात जायचे, आधी स्वतः करून पाहायचे आणि काम अर्ध्यावर सोडून निघायचे नाही, ही रीत बदलली नाही. आंब्याच्या कलमाला पाच-सहा वर्षांची सोबत लागते. एका खेड्याला दिलेला शब्द 47 वर्षे पाळणाऱ्या माणसाच्या संस्थेला ती सोबत देणे जमले. कलघटगीच्या उतारावर शेततळ्याच्या काठी वाढलेली कलमे त्याच सोबतीवर जगली आहेत.